नेरळ ते माथेरान : वाफेच्या इंजिनाच्या वाटेने

मुंबई–पुणे लोहमार्गावर कल्याण आणि कर्जत यांच्या दरम्यान नेरळ हे स्थानक आहे. तेथे रुंद मापाच्या रुळांशेजारी केवळ दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर, अंतराच्या रुळांची एक चिमुकली जोडी सुरू होते आणि सुमारे २० किलोमीटर वळणे घेत सह्याद्रीपासून सुटून उभ्या असलेल्या माथेरानच्या डोंगरावर चढते. नेरळची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर आहे, तर माथेरानची सुमारे ८००. म्हणजे रुळांच्या दर २६ मीटरला एक मीटर हा या वाटेचा सरासरी चढ होय आणि सर्वांत कठीण टप्प्यांवर तो विसात एक इतका तीव्र होतो. या मार्गाविषयी मराठीत आणि इंग्रजीत जे लेखन झाले आहे त्याचा भर बहुतेक वेळा खिडकीतून दिसणाऱ्या दऱ्यांवर, धुक्यावर आणि माकडांवर असतो. परंतु ज्या चार लहान वाफेच्या इंजिनांनी विसाव्या शतकाचा बहुतेक काळ या चढावर गाड्या ओढल्या, त्यांच्या दृष्टीने हा प्रवास पाणी, विस्तव आणि रुळांवरील पकड या तीन गोष्टींचा होता. त्या नजरेने वाट पाहिली, तर प्रत्येक स्थानकाचे, प्रत्येक वळणाचे आणि प्रत्येक भरावाचे प्रयोजन उलगडते.

माथेरानचे पठार इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेत भरले ते १८५० साली, ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांच्यामुळे, आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात तेथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. १८५६ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जिला लोक जीआयपी म्हणत, घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचली होती. त्यामुळे मुंबईचा प्रवासी नेरळपर्यंत आगगाडीने सहज येत असे. पुढची वाट मात्र त्याला घोड्यावर, पालखीत किंवा पायी तुडवावी लागे, आणि ही अडचण जवळजवळ अर्धशतक तशीच राहिली. ती दूर केली सरकारने नव्हे, तर मुंबईच्या एका दाऊदी बोहरा उद्योजक घराण्याने. सर आदमजी पीरभॉय हे तंबूंचे मोठे पुरवठादार आणि धारावीतील कातडी कमावण्याच्या विस्तीर्ण कारखान्याचे मालक होते. त्यांच्या पैशावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली बांधकाम हाती घेतले आणि २२ मार्च १९०७ रोजी मार्ग वाहतुकीस खुला झाला. यासाठी सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. प्रवासी केवळ उन्हाळ्यात आणि थंडीत येणार, पावसाळ्यात दरडी कोसळून मार्ग बंद राहणार, हे ठाऊक असताना एका कुटुंबाने त्या काळी एवढी रक्कम डोंगरात घालावी, याचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

या मार्गाच्या आखणीशी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याचे नाव जोडले जाते. ते १८८२ साली जीआयपीच्या सेवेत भारतात आले होते आणि अरुंद मापाच्या रेल्वेचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही त्यांचीच निर्मिती. पंढरपूरच्या वारकऱ्यांनी आणि लातूरच्या व्यापाऱ्यांनी ती अनेक पिढ्या वापरली. मात्र बार्शीचा मुलूख सपाट होता, तर माथेरानचा प्रश्न निराळा होता. तेथे हलके रूळ आणि स्वस्त बांधणी एवढ्याने भागणार नव्हते. रुळांना डोंगराच्या कडेकडेने, त्याच्या प्रत्येक घडीत शिरत आणि प्रत्येक सोंडेला वळसा घालत जावे लागणार होते, आणि तशा वळणांवर साधे इंजिन चालूच शकले नसते.

ही अडचण समजण्यासाठी इंजिनाच्या रचनेकडे वळणे आवश्यक आहे. चढावर इंजिनाचे बळ दोन गोष्टींनी ठरते. वाफेचा दाब चाके किती जोराने फिरवतो ही पहिली, आणि ती चाके रुळांवर किती घट्ट पकड घेतात ही दुसरी. पकड ही चाकांवर पडणाऱ्या वजनावर अवलंबून असते. कोरड्या, स्वच्छ रुळांवर त्या वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा जोर लावता येतो. त्याहून अधिक लावल्यास चाके जागच्या जागी गरगरतात आणि गाडी हलत नाही. म्हणून डोंगरी इंजिनाचे सगळे वजन फिरणाऱ्या चाकांवरच पडावे, नुसते भार वाहणाऱ्या चाकांवर त्यातले काही वाया जाऊ नये, असा नियम असतो. माथेरानच्या इंजिनांना तीन आस, म्हणजे चाकांच्या जोड्यांना जोडणारे तीन कणे, आणि सहा चाके होती. ती सहाही बाहेरच्या दांड्यांनी एकमेकांशी जखडलेली आणि फिरती होती. पाणी आणि कोळसा यांसाठी मागे वेगळा डबा नव्हता, तर इंजिनाच्या अंगावरच टाक्या होत्या आणि त्यामुळे त्या पाण्याचे वजनही पकडीच्या कामी येत असे. परंतु दांड्यांनी जोडलेले आस एकमेकांना कायम समांतर राहावे लागतात, नाहीतर दांडे अडकतात. समांतर आसांची लांबलचक चौकट आखूड वळणात शिरली की चाकांच्या कडा रुळांना घासत, रूळ बाहेर ढकलत जातात आणि शेवटी गाडी घसरते. पकडीसाठी अनेक चाके हवीत आणि वळणासाठी थोडी, अशी ही परस्परविरोधी मागणी होती.

तिचे उत्तर जर्मनीत सापडले. सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेतील एवाल्ड रिचर्ड क्लीन आणि हाइनरिश रॉबर्ट लिंडनर या दोन अभियंत्यांनी पोकळ आसाची एक युक्ती शोधली होती, तिला त्यांच्याच नावावरून क्लीन–लिंडनर आस म्हणतात. यात चाके ज्या आसावर बसवलेली असतात तो आतून पोकळ, नळीसारखा असतो आणि त्याच्या आतून दुसरा भरीव आस जातो. भरीव आसाची टोके चाकांच्या बाहेर, इंजिनाच्या चौकटीत घट्ट धरलेली असतात, दांडे त्यालाच जोडलेले असतात आणि तो कधीही आपली समांतर जागा सोडत नाही. आतला आस आणि बाहेरची नळी यांची गाठ फक्त मध्यभागी, एका गोल उंचवट्यावर आणि त्यातून आरपार जाणाऱ्या खिळीवर पडते. त्यामुळे फिरण्याचा जोर आतून बाहेर पोहोचतो, पण नळी आणि तिच्यावरची चाके वळणानुसार थोडी तिरपी होऊ शकतात आणि थोडी बाजूलाही सरकू शकतात. माथेरानच्या इंजिनांत पहिला आणि तिसरा आस अशा प्रकारचा होता. वळणात शिरताना पुढची चाके वळणाच्या दिशेने आपोआप वळत आणि मागची उलट बाजूला, तर दांडे मात्र जणू सरळ रुळावर असल्यासारखे फिरत राहत. जावा बेटातील साखर कारखान्यांच्या रेल्वेत आणि जर्मन लष्कराच्या क्षेत्रीय रेल्वेतही हीच युक्ती फार वापरली गेली, परंतु डोंगराच्या इतक्या कठीण चढावर तिची कसोटी ज्या मोजक्या ठिकाणी लागली त्यांत माथेरानचे स्थान वरचे आहे.

ही इंजिने बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्याने १९०५ ते १९०७ या काळात बांधली. १८७६ साली स्थापन झालेली ही कंपनी हलक्या रेल्वेसाठी जगभर प्रसिद्ध होती, आणि पतियाळा संस्थानाच्या एकरुळी गाडीची इंजिनेही १९०९ च्या सुमारास तिनेच पुरवली. माथेरानच्या वाट्याला आलेल्या चार इंजिनांना पुढे ७३८, ७३९, ७४० आणि ७४१ हे क्रमांक मिळाले, आणि या चौघांवरच सबंध मार्गाचा भार अनेक दशके राहिला.

इंजिनाचा दिवस प्रवाशाच्या दिवसाच्या कितीतरी आधी, नेरळच्या लोको शेडमध्ये, अंधारात सुरू होत असे. थंड बॉयलर तापवायला कित्येक तास लागतात आणि त्यात घाई केली तर पोलादाचे पत्रे कमीअधिक प्रमाणात फुगून रिव्हेट आणि जोड सैल होतात. म्हणून शक्यतो रात्रभर आग पूर्ण विझू न देता ती राखेखाली दाबून ठेवण्याची रीत वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये सर्वत्र असे. पेटवण्यापूर्वी पहिले काम विस्तवाचे नसून पाण्याचे होते. ड्रायव्हरच्या खोपटात, बॉयलरच्या पाठीवर उभी काचेची नळी बसवलेली असते आणि तिच्यात बॉयलरमधील पाण्याची पातळी दिसते. नळीचे नळ उघडझाप करून, ती तुंबलेली नाही आणि जी पातळी दिसते ती खरी आहे, याची खात्री करून घेतल्याशिवाय कोणी जबाबदार माणूस भट्टीत जळते बोळे टाकत नसे. त्यानंतर भट्टीच्या जाळीवर लाकडाच्या ढलप्या, त्यांवर तेलात भिजवलेल्या सुती चिंध्या आणि वर कोळशाचा पातळ थर रचून आग धरली जाई. दुसरीकडे खलाशी धुराड्याच्या खालच्या पेटीचे गोल दार उघडून आदल्या दिवशी साचलेली काजळी आणि कोळशाची भुकटी फावड्याने बाहेर काढी, भट्टीखालची राख खड्ड्यात पाडी आणि बॉयलरच्या नळ्यांतून ब्रश फिरवी, कारण काजळीचा थर राहिला तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्याची भरपाई कोळशाने करावी लागते.

याच वेळी तेलाचे काम चाले आणि त्यातच कुशल माणूस ओळखू येई. लांब चोचीचे तेलाचे डबे घेऊन दांड्यांच्या प्रत्येक जोडावरील पितळी वाट्या भराव्या लागत आणि वाटीतून सुती वातीने तेल थेंबाथेंबाने खाली उतरते की नाही हे पाहावे लागे. हातोडीने नट आणि खिळ्यांवर हलके ठोके मारून आवाज ऐकण्याची पद्धत होती. घट्ट जोडाचा आवाज खणखणीत येतो, सैल किंवा तडा गेलेल्याचा बद्द. माथेरानच्या इंजिनांत पोकळ आसाच्या आतील गाठ हे एक जास्तीचे दुखणे होते. ती डोळ्यांना दिसत नसे, धुळीच्या आणि काजळीच्या मुलुखात तिला तेल पोहोचवत राहावे लागे, आणि तिची हेळसांड झाली की जे वळण इंजिनाने अलगद घ्यायचे तेथे चाकांच्या कडा रुळांवर कर्कश ओरडू लागत. अशी गुंतागुंतीची रचना जवळजवळ तीन पिढ्या चालती राहिली, याचे श्रेय आराखडा काढणाऱ्या दोघा जर्मन अभियंत्यांइतकेच नेरळच्या फिटरांना आणि खलाशांना आहे, आणि त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत, ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

गाडी सुटताना आरंभीची काही मिनिटे सिलिंडरचे खालचे नळ उघडे ठेवावे लागत. थंड सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेचे लगेच निवून पाणी होते, पाणी दाबून लहान होत नाही, आणि ते बाहेर जाऊ दिले नाही तर दट्ट्या, म्हणजे वाफेच्या दाबाने सिलिंडरमध्ये मागेपुढे सरकणारी गोल तबकडी, सिलिंडरचे झाकणच उडवू शकते. स्थानकातून निघणाऱ्या इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पांढऱ्या वाफेचे झोत फवारताना दिसत, ते याच कारणाने. नेरळहून निघालेली वाट आधी काही अंतर मोठ्या लोहमार्गाला समांतर धावते आणि मग डोंगराच्या दिशेने वळते. येथपर्यंत इंजिनाला फारसे कष्ट नसतात. पण चढाला सुरुवात होताच हिशेब बदलतो. सपाट रुळांवर एक टन वजन ओढायला अवघा चार-पाच किलो जोर पुरतो, तर विसात एक चढावर केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यासाठीच त्याच एक टनाला ५० किलो जोर जादा लागतो. जवळच्याच भोर घाटात मोठ्या रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ मध्ये एक असून तेथे मागून ढकलणारी जादा इंजिने लावावी लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे माथेरानच्या चढाची कल्पना येईल.

जुम्मापट्टी हे वाटेतील पहिले स्थानक. येथे रूळ दुहेरी होतात आणि वर जाणारी व खाली येणारी गाडी एकमेकींना वाट देतात. येथेच नेरळ–माथेरान रस्ता रेल्वेला भेटतो, पुढे दोघे फारकत घेतात आणि भेकरा खड या भागात पुन्हा जवळ येतात. एकेरी मार्गावर अशा भेटीच्या जागा चढाचा विचार करूनच निवडाव्या लागतात, कारण तीव्र चढावर उभी राहिलेली गाडी पुन्हा हलवणे हे चालत्या गाडीला ओढत राहण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, आणि थांब्यासाठी थोडी तरी सपाट जागा असावी लागते.

भेकरा खडच्या पुढे चढ निकराचा होतो. यापुढची उंची गाठण्यासाठी घाटातील लोहमार्गांच्या अभियंत्यांपुढे सहसा दोन पर्याय असत. रूळ डोंगराच्या कडेने एका टोकापर्यंत नेऊन, तेथे गाडी थांबवून, तिला उलट दिशेने वरच्या पायरीवर पाठवणे हा पहिला. अशा जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत आणि खंडाळ्याजवळ भोर घाटातही ते होते. दुसरा पर्याय, रूळ प्रशस्त वळसा घालून सलग वर नेणे. माथेरानच्या आखणीत दुसरा स्वीकारला गेला आणि घोड्याच्या नालाच्या आकाराचा प्रचंड भराव घालून रूळ आल्या दिशेने परत वळवण्यात आले. हा भराव या मार्गावरील सर्वोत्तम अभियांत्रिकी काम होय. रिव्हर्सिंग स्टेशन टाळल्यामुळे वेळ वाचलाच, पण इंजिनाच्या बॉयलरच्या दृष्टीनेही हे हिताचे होते. भट्टीचे छत म्हणजे बॉयलरच्या आतील असा एक पत्रा की ज्याच्या खाली धगधगता विस्तव आणि वर पाणी असते, आणि ते पाणी क्षणभर जरी हटले तरी पत्रा तापून मऊ होतो व वाफेच्या दाबाने फाटू शकतो. बॉयलर तीन मीटर लांब धरला तर विसात एक चढावर त्याच्या दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीत १५ सेंटिमीटरचा फरक पडतो. इंजिनाचे धुराडे चढाकडे असले की पाणी मागे, भट्टीवर सरकते आणि छत बुडालेले राहते, पण रिव्हर्सिंग स्टेशनातून उलट निघाल्यावर तोंड उताराकडे झाले तर तेच पाणी पुढे पळते. यावरून चढाची दिशा आणि इंजिनाची दिशा यांची सांगड ही किती गंभीर बाब आहे ते कळावे. धोक्याची शेवटची सूचना म्हणून भट्टीच्या छतात शिशाने भरलेली एक खुंटी बसवलेली असते. पाणी घटले की शिसे वितळते आणि वाफ भट्टीत घुसून आग दडपते. खुंटी वितळणे ही ड्रायव्हर आणि फायरमन या दोघांच्याही लौकिकाला लागलेली मोठी ठेच मानली जाई.

फायरमनचे कसब या टप्प्यावर पणाला लागे. कोळसा टाकण्यासाठी दार उघडले की थंड हवा आत शिरते आणि दाब घसरतो. कोळसा टाकलाच नाही तर आगीत भोके पडतात, आणि एकदम फार टाकला तर आग काळवंडून धूर माजतो. म्हणून थोडा थोडा, जाळीच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचेल असा, आणि वळणानंतर येणाऱ्या चढाचा अंदाज घेऊन आधीच टाकलेला कोळसा हीच खरी रीत. यात निसर्गाचा एक सुंदर मेळ आहे. सिलिंडरमधून काम करून निघालेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते आणि जाताना भट्टीतील गरम वायूंना ओढून घेते, त्यामुळे इंजिन जितके जास्त कष्ट करते तितकी आग आपोआप जास्त फुलते. वाफेच्या इंजिनाचा तो ओळखीचा भकभक आवाज म्हणजे आगीला मिळणारा प्रत्येक नवा श्वास होय. बॉयलरमध्ये पाणी ढकलण्याचे काम इंजेक्टर हे साधन करी. फ्रान्सच्या हेन्री गिफार्ड यांनी १८५८ साली शोधलेल्या या साधनात एकही हलता भाग नसतो. वाफेचा झोत निमुळत्या तोंडांतून पाण्याशी मिसळतो, त्याला प्रचंड वेग देतो आणि त्याच वाफेच्या दाबाविरुद्ध ते पाणी बॉयलरमध्ये घुसवतो.

नालाकृती भरावानंतर उत्तरेला वळसा घालून रूळ या मार्गावरील एकमेव बोगद्यातून जातात. तो इतका आखूड आहे की अंधारात एकच चुंबन घेता येईल, म्हणून ‘वन किस टनेल’ हे खेळकर नाव त्याला पडले. इंजिनावरच्या माणसांना मात्र तो धुराने भरलेल्या खोपटाचाच अनुभव देई. बोगद्यापलीकडे वॉटर पाइप हे स्थानक येते आणि त्याचे नावच इंजिनाच्या गरजेवरून पडले आहे. अंगावर टाक्या असलेल्या लहान इंजिनात पाणी मोजकेच मावते आणि चढावर ते झपाट्याने संपते. खाली नेरळला भरलेल्या टाक्या माथ्यापर्यंत पुरणार नाहीत हे ओळखून येथे नळाने पाणी आणले होते, आणि गाडी थांबून इंजिन पाणी पीत असताना प्रवासी पाय मोकळे करायला उतरत. प्रवाशांना जो थांबा विश्रांतीचा वाटे, त्या मिनिटांत टाकीच्या तोंडावर नळाची सोंड धरलेला खलाशी, जाळी खडखडवून राख पाडणारा फायरमन आणि आसांना हाताच्या पाठीने स्पर्श करून कोणता तापला आहे ते पाहणारा ड्रायव्हर असे तिघेही एकाच वेळी कामात गुंतलेले असत.

यापुढे माउंट बॅरीजवळ दोन तीव्र नागमोडी वळणे, मग खडक फोडून केलेली खोल खाच आणि पॅनोरमा पॉइंटचा माथा असा क्रम आहे. रुळांवर पडलेला ओला पाला, शेवाळ आणि पहाटेचे दव हे पकडीचे शत्रू. ओल्या रुळांवर चाक घसरू लागले की ड्रायव्हर वाफेची झडप तत्काळ मिटतो आणि चाकांपुढे वाळू सोडून पुन्हा हळूहळू जोर देतो. चाके एकदा गरगरली की रुळांचा माथा त्या जागी खड्ड्यासारखा झिजतो, आणि चाकाची धावही खराब होते. पॅनोरमानंतर गाडी मागे वळून अमन लॉजजवळून सिम्प्सन तलावाच्या दिशेने जाते आणि माथेरानच्या बाजारपेठेत येऊन थांबते. सारा प्रवास दोन तासांच्या आसपासचा. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे, मोटारी जेथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापुढे दीर्घकाळ घोडे, हातरिक्षा आणि ही गाडी हीच प्रमुख साधने होती. अलीकडे त्यांत ई-रिक्षांची भर पडली आहे.

उतरणीचा प्रवास वरवर सोपा दिसतो, परंतु अनुभवी माणसे त्यालाच अधिक घाबरत. चढताना जास्तीत जास्त काय होईल, तर गाडी थांबेल. उतरताना मात्र ताबा सुटला तर ती थांबणारच नाही. म्हणून या गाडीत डब्यांवर हाताने फिरवायच्या ब्रेकची चक्रे होती आणि ती सांभाळायला ब्रेकमन असत. इंजिनाच्या शिट्टीचे ठराविक इशारे ऐकून ते चक्रे आवळत किंवा सैल करत. एका डब्याने अधिक आणि दुसऱ्याने कमी ब्रेक लावला तर आखूड वळणावर डबे एकमेकांना ढकलून रुळांबाहेर काढू शकतात, त्यामुळे या माणसांचे हात एकाच लयीत चालणे गरजेचे होते. धुक्यात, पावसाच्या सरीत, उघड्यावर उभे राहून ही कामगिरी करणारे ब्रेकमन माथेरानच्या गाडीचे खरे रक्षक होते. हातब्रेकची ही पद्धत डिझेल इंजिने आल्यानंतरही दीर्घकाळ टिकली आणि दाबाच्या हवेचे ब्रेक येथे फार उशिरा आले.

पावसाळ्यात माथेरानवर चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि भराव वाहून जाण्याची, दरडी कोसळण्याची भीती सतत असते, म्हणून पहिल्या सात दशकांहून अधिक काळ गाडी या महिन्यांत बंदच ठेवली जाई. प्रवाशांच्या दृष्टीने तो खंड होता, इंजिनांच्या दृष्टीने तीच दुरुस्तीची संधी. बॉयलर थंड करून, तळाची बुचे काढून, आत जोराने पाणी मारून गाळ आणि क्षारांचे पापुद्रे धुवून काढणे, ठिबकणाऱ्या नळ्यांची तोंडे पुन्हा फुगवून घट्ट बसवणे, वळणांवर झिजून धारदार झालेल्या चाकांच्या कडा लेथवर कातून मूळ आकारात आणणे, ही कामे अशाच निवांत काळात नीट होतात. पुढे १९५१ साली मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर हा मार्गही तिच्यात आला, आणि बार्शी लाइट रेल्वेचे कुर्डुवाडीचे वर्कशॉपही मध्य रेल्वेकडे आल्यानंतर माथेरानच्या डब्यांच्या मोठ्या दुरुस्त्या तेथे होऊ लागल्या. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील सपाटीवर घडलेले अरुंद मापाच्या रेल्वेचे कौशल्य या डोंगराच्या उपयोगी पडले.

१९५५ च्या सुमारास जर्मनीतील युंग कारखान्याची डिझेल इंजिने नेरळला आली. त्यांना पहाटेपूर्वी पेटवावे लागत नसे, वॉटर पाइपला थांबावे लागत नसे आणि भट्टीच्या छताची काळजी नसे. तरीही वाफेची इंजिने लगेच हटली नाहीत. डिझेलच्या जोडीने ती १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालत राहिली, म्हणजे सुमारे पंचाहत्तर वर्षे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या यंत्राने इतका काळ त्याच डोंगरावर, त्याच वळणांवर, तेच काम करत राहावे अशी उदाहरणे भारतात थोडी आहेत. दार्जिलिंग आणि निलगिरी या मार्गांचा उल्लेख या संदर्भात करावा लागेल, पण त्या दोन्ही ठिकाणी नवी इंजिने वेळोवेळी येत राहिली, तर माथेरानची वाफ अखेरपर्यंत त्या मूळ चौघांच्याच जिवावर टिकली.

रेल्वेमार्गाचे पुढचे दिवस कठीण गेले. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत भराव वाहून गेले आणि गाडी २००७ मध्ये, शताब्दीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. २०१६ साली डबे घसरल्यामुळे वाहतूक थांबली, २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले आणि नेरळपासूनची सलग सेवा २०२२ साली पूर्ववत झाली. जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत या मार्गाचे नाव आहे. दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे एक जुने वाफेचे इंजिन एकविसाव्या शतकाच्या आरंभी येथे आणून वारसा म्हणून कधी कधी चालवण्यात आले, तथापि ते चार चाकांचे, निराळ्या घराण्यातले इंजिन आहे आणि पोकळ आसाची माथेरानची युक्ती त्यात नाही.

ती युक्ती पाहायची असेल तर जिज्ञासू प्रवाशाने मूळ इंजिनांचाच शोध घ्यावा. त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक नेरळला जतन केलेले आहे, आणि ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडमध्ये लेटन बझर्ड येथील दोन फुटी रेल्वेकडे पोहोचले आहे. नेरळला उतरल्यावर माथेरानच्या गाडीचे तिकीट हाती असले तरी तिच्या वेळेआधी थोडा अवकाश काढून त्या इंजिनाच्या चाकांपाशी बसून पाहावे. चौकट चाकांच्या आत नसून बाहेर आहे, दांडे चौकटीच्याही बाहेर आहेत, आणि पहिल्या व तिसऱ्या जोडीची चाके चौकटीच्या आत थोडी मोकळी, सरकायला जागा ठेवून बसवलेली आहेत, हे लक्षात येईल. त्यानंतर वरच्या वाटेवर नालाकृती भरावाच्या वळणात गाडी शिरताना आपल्या डब्याची चाके रुळांशी कशी झगडतात ते ऐकावे, म्हणजे त्या मोकळ्या जागेची किंमत समजेल.